लिनक्सवर चालणारा स्कॅनर सुचवा, वकिली ऑफिसचे जुने लीगल साइजचे कागद आहेत

जुनंदप्तर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा मोठा आहे, वेळ असेल तर पूर्ण वाचा प्लीज.

मी तालुक्याच्या गावी वकिली करते. ऑफिस वडिलांचं, त्यांनी १९८१ ला सुरू केलं, आता ते येऊन बसतात पण केसेस मी बघते. ऑफिसचा पीसी सहाव्या जनरेशनचा आय-थ्री आहे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्यावर बसत नाही असं कळलं, चालतं मशीन भंगारात काढायला जीव होईना म्हणून भाच्यानं लिनक्स मिंट २२ टाकून दिलं. मला काही अडचण नाही, कोर्टात स्टाफच्या कॉम्प्युटरवर उबुंटू, तेही लिनक्सच, कितीतरी वर्षं बघतेय त्यामुळे भीतीही नव्हती. टायपिंग, पीडीएफ, ई-कोर्ट्सची साइट, प्रिंटर सगळं चालतंय. अडलंय ते फक्त स्कॅनरवर.

झालं असं की मिंट टाकल्यावर मी शहरातल्या एका दुकानातून फीडरवाला, म्हणजे गठ्ठ्यातली पानं आपणहून ओढणारा, स्कॅनर घेतला. दुकानदाराला दोनदा विचारलं लिनक्सवर चालेल ना, तो म्हणाला मॅडम सगळ्यावर चालतो, कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर आहे. ड्रायव्हर होता, पण बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या उबुंटूसाठी बनवलेला, तोही ३२ बिटचा. भाच्यानं दोन रविवार घालवले, इन्स्टॉल झाला तरी स्कॅनर दिसेना. दुकानदारानं परत घेतला नाही कारण खोका उघडला होता. शेवटी तो भाच्याच्या विंडोज लॅपटॉपला लावून त्याच्याकडेच ठेवलाय. एवढे पैसे गेले त्यामुळे आता दुसऱ्यांदा घेताना नीट विचारूनच घ्यायचा.

काम काय आहे ते सांगते. तीन कपाटं भरून जुन्या फायली आहेत. बऱ्याच निकाली निघालेल्या, पण पक्षकार वीस वर्षांनी येतो आणि म्हणतो वकीलसाहेब आमच्या वाटपाच्या दाव्याची कैफियत तुमच्याकडे असेल बघा, आणि खरंच असते. गेल्या पावसाळ्यात खालच्या कप्प्यात ओल आली, दोन गठ्ठे चिकटले, तेव्हापासून वडील अस्वस्थ आहेत. कागद सगळ्या तऱ्हेचे आहेत. लीगल साइज सर्वात जास्त, त्यात हिरवे लेजर पेपर, स्टँप पेपरवरची खरेदीखतं, मराठी टाइपरायटरवर कार्बन घालून काढलेल्या पातळ प्रती ज्या हातात धरल्या तरी चुरचुरतात, तलाठ्याच्या हातचे जुने सातबारा आणि फेरफार, आणि थोडे मोडीतले कागद. नवीन फायली ए-फोर आहेत, त्याची काळजी नाही.

बजेट ३० हजारापर्यंत. विचारायचं एवढंच की फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर कागद ठेवायचा, तो घेऊ की फीडरवाला, वायफाय हवा का, आणि स्कॅन झाल्यावर मराठी मजकूर शोधता येईल असं काही लिनक्समध्ये होतं का. मला कमांड टाइप करायची सवय नाही पण कुणी नीट लिहून दिलं तर करीन.

यूएसबीकेबल

ताई, तुमच्या बाबतीत जे झालं ते फार जणांच्या बाबतीत होतं आणि त्यात चूक तुमची नाही, प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेला इतकंच. दुकानदाराला लिनक्सचं विचारून उपयोग नसतो. कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर आहे का हे बघूनही भागत नाही. बघायचं असतं सेनच्या यादीत.

सेन म्हणजे स्कॅनर ॲक्सेस नाउ इझी. लिनक्समध्ये स्कॅनिंगचा सगळा कारभार त्याच्यावर चालतो, तुमच्या मिंटमध्ये मेनूत जे डॉक्युमेंट स्कॅनर नावाचं ॲप आहे तेही आतून सेनच वापरतं. सेनमध्ये प्रत्येक जातीच्या स्कॅनरसाठी एकेक बॅकएंड असतो म्हणजे त्याचा ड्रायव्हर समजा. प्रोजेक्टच्या वेबसाइटवर सपोर्टेड डिव्हाइसेसची भलीमोठी यादी आहे, त्यात कंपनी, मॉडेल, यूएसबीचा नंबर आणि पुढे शेरा असतो, कम्प्लीट, गुड, बेसिक, मिनिमल, अनटेस्टेड नाहीतर अनसपोर्टेड. तुम्ही कम्प्लीट आणि गुड एवढेच शेरे विचारात घ्या. बेसिक म्हणजे चालतो पण काहीतरी राहिलेलं असतं, रोजच्या कामाला नको.

आणि मॉडेलचं नाव अक्षर न् अक्षर जुळवायचं हं. एकाच सिरीजमध्ये शेजारच्या दोन नंबरांच्या पोटात वेगवेगळी चिप असते. कॅननचे लाइड बघा, लाइड ११० आणि २१० जेनेसिस बॅकएंडवर चालतात, लाइड ३०० आणि ४०० पिक्स्मा बॅकएंडवर, आणि फार जुने लाइड ३० वगैरे प्लसटेकवर. तिन्हीकडे नाव लाइडच, बाहेरून बघून कुणालाही कळणार नाही. त्यामुळे माझ्या मित्राकडे याच कंपनीचा चालतो असं कुणी म्हणालं तरी तेवढ्यावर पैसे देऊ नका.

आता तीन रस्ते आहेत, समजून घ्या.

पहिला म्हणजे सेनमध्येच ज्याचा उघडा बॅकएंड आहे असा स्कॅनर. हा सर्वात निर्धोक. मिंट बदललं, पीसी बदलला, दहा वर्षं गेली तरी चालतो, कारण कोड सगळ्यांसमोर आहे आणि कुणीतरी सांभाळत असतं.

दुसरा म्हणजे कंपनीनं दिलेला बंद ड्रायव्हर. ब्रदरचे ब्रस्कॅन-फोर आणि ब्रस्कॅन-फाइव्ह, एप्सनचा एप्सन स्कॅन टू आणि त्याचं नॉन-फ्री प्लगिन, एचपीच्या काही मॉडेलना एचपीलिप या त्यांच्या लिनक्स सॉफ्टवेअरवर वेगळं प्लगिन लागतं ते. हे चालतात, खूप लोक वापरतात, मीही ऑफिसात ब्रदर वापरतो. पण ते बहुतेक करून इंटेल-एएमडीच्या पीसीसाठी बनवलेले असतात, उद्या रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरवर लावायचं म्हणाल तर अडचण येऊ शकते, आणि कंपनीनं अपडेट बंद केलं की तुमच्यासारखी वेळ येते.

तिसरा रस्ता नवीन आहे आणि मला तो मनापासून आवडतो, ड्रायव्हरच नको. ईएससीएल नावाचा प्रोटोकॉल आहे, ॲपलच्या एअरप्रिंटबरोबर येतो तो, हल्लीच्या बहुतेक वायफाय ऑल-इन-वनमध्ये असतो. सेन-एअरस्कॅन हा बॅकएंड त्याच्याशी बोलतो आणि आयपीपी-यूएसबी नावाची सर्व्हिस असेल तर वायफाय न लावता यूएसबी केबलवरून पण तेच चालतं. मिंटमध्ये २१ पासून दोन्ही आधीच टाकलेले असतात. फक्त एक लक्षात ठेवा, आयपीपी-यूएसबीनं स्कॅनर ताब्यात घेतला की कंपनीच्या ड्रायव्हरला तो मिळत नाही आणि मग कुणाचाच धड चालत नाही. दोन्हींतलं एकच ठेवायचं.

तुमच्या कामाला मी पहिला रस्ता सांगीन. फुजित्सूची फीडरवाली एफआय सिरीज किंवा स्कॅनस्नॅप. ही सिरीज बनवणारी पीएफयू कंपनी २०२२ मध्ये रिकोकडे गेली त्यामुळे नवीन मशीनवर रिको लिहिलेलं असतं, गोंधळू नका. सेनमधला फुजित्सू बॅकएंड मी वापरलेल्यांत सर्वात पक्का आहे, दोन्ही बाजू एकदम स्कॅन होतात, कोरी पानं वगळता येतात, तिरकं गेलेलं पान सरळ करता येतं. नवीन एफआय ३० हजारात बसणार नाही पण जुनं एफआय-६१३० वापरलेलं मिळतं, बँका आणि बीपीओ ऑफिसं मशीनं बदलतात तेव्हा ढिगानं बाजारात येतात. स्कॅनस्नॅपमध्ये एस-१५०० आणि आयएक्स-५०० यूएसबीवर छान चालतात. एस-१३००आय मात्र बघून घ्या, त्याला एपजित्सू नावाचा वेगळा बॅकएंड लागतो आणि विंडोजच्या ड्रायव्हरमधून एक फर्मवेअरची फाइल काढून ठेवावी लागते, जमतं पण उगाच डोकेदुखी. आणि स्कॅनस्नॅपचं वायफाय सेनवर चालत नाही, केबलच लावायची.

वायफायचं विचारलंत ना, नको. टेबलावर पीसीशेजारी ठेवायचा आहे, केबल लावा आणि विसरून जा.

रोजचीएसटी

एवढा खर्च कशाला, मोबाइलमध्ये स्कॅनिंगची ॲप फुकट आहेत की. मी सगळी कागदपत्रं मोबाइलवरच स्कॅन करतो, फॉर्म भरताना कधी अडलं नाही.

जुनंदप्तर

दादा, दोन-चार कागदांना मोबाइल मीही वापरते. पण इथं अंदाजे पंधरा-वीस हजार पानं आहेत. आणि पक्षकाराचे कागद आहेत हो, मृत्युपत्रं, सोडचिठ्ठ्या, असल्या गोष्टी फुकट ॲपच्या हवाली करायला मन धजत नाही, ते कुठल्या सर्व्हरवर जातात कोण जाणे. पक्षकारानं विश्वासानं दिलेलं असतं ते. म्हणून तर सगळं आपल्याच मशीनवर ठेवायचंय.

यूएसबीकेबल, खूप खूप आभार, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. यादी काढून बघितली, माझा तो फसलेला स्कॅनर तिथं चक्क अनसपोर्टेड लिहिलाय. आधी माहीत असतं तर.

दोन शंका. फ्लॅटबेड अजिबात नको का? कार्बनच्या प्रती फीडरमध्ये घालायची हिंमत होत नाही. आणि वापरलेलं मशीन घेताना काय बघायचं?

ग्रंथालयकट्टा

मी एका जुन्या वाचनालयात हेच काम करते, आठ वर्षं झाली, आमची इतिवृत्तं आणि जुनी रजिस्टरं स्कॅन करतोय. आमच्याकडे डेबियन आहे, तेही लिनक्सच. तुमच्या कागदांचं वर्णन वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहिते.

कार्बनच्या प्रती फीडरमध्ये घालू नकाच. फीडरचा रोलर पान ओढतो तेव्हा खालून दुसरा रोलर किंवा पॅड दुसऱ्या पानाला मागे धरत असतो, नवीन कागदाला काही होत नाही पण चाळीस वर्षांचा पातळ कागद त्या दोघांच्या मध्ये घडी पडून फाटतो. मी सुरुवातीला एक पान असंच घालवलंय, १९५२ च्या वार्षिक सभेचा ठराव होता, तुकडे जुळवून पारदर्शक कागदात ठेवलाय अजून. तेव्हापासून नियम केला, कागदाचा कोपरा दोनदा हलकेच दुमडून उलगडायचा, तिथं चीर पडली तर तो फीडरला नाही. असे कागद काचेवर. अगदीच मधल्या अवस्थेतले असतील तर कॅरिअर शीट मिळते, दोन पारदर्शक प्लॅस्टिक एका बाजूला जोडलेली असतात, त्यात पान ठेवून फीडरमधून काढता येतं.

म्हणून माझं मत, दोन मशीनं घ्या. वापरलेला फीडरवाला आणि एक साधा फ्लॅटबेड. यूएसबीकेबल यांनी सांगितलेले लाइड ३०० किंवा ४०० त्यासाठी चांगले, वेगळी पॉवर लागत नाही, यूएसबीवरच चालतात, वजनाला हलके.

पण लाइडमध्ये दोन गोष्टी माहीत असू द्या. एक म्हणजे काच ए-फोरची, २९७ मिलिमीटर लांब. लीगल कागद ३५६ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ सहा सेंटिमीटर बाहेर राहतो आणि नेमकं तिथंच सह्या, साक्षीदार, सब-रजिस्ट्रारचा शिक्का. दोन वेळा स्कॅन करून जोडता येतं पण कोर्टाच्या कागदाला जोडकाम मला पटत नाही, मी दोन वेगळी पानं करून ठेवते, वरचा भाग आणि खालचा भाग, मधे दोन-तीन ओळी दोन्हीकडे येतील अशा. तुमच्याकडे लीगल जास्त आहेत म्हणून फीडरवाला मुख्य आणि फ्लॅटबेड फक्त नाजूक कागदांना, हे प्रमाण धरा.

दुसरी गोष्ट सेन्सरची. लाइडमध्ये सीआयएस सेन्सर असतो, काचेला चिकटून जे आहे तेवढंच त्याला स्पष्ट दिसतं. कागद जरा उचलला गेला, घडी पडलेली असली, किंवा शिवलेल्या रजिस्टरची मधली घळ असली की तिथली अक्षरं धूसर होतात. सीसीडीवाल्या जाडजूड स्कॅनरला ही अडचण कमी, आमच्याकडे रजिस्टरांसाठी म्हणून तोच आहे, पण ते महाग, अवजड आणि दिवा तापायला वेळ घेणारे असतात. तुमचे सुटे कागद आहेत, लाइड पुरे. फक्त घडीचे कागद आदल्या दिवशी दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वर कायद्याची जाड पुस्तकं ठेवा, सकाळी सपाट झालेले असतात. इस्त्री करू नका, कुणीही सांगितलं तरी.

आणि टाचण्या! फायली सोडताना टाचण्या, स्टेपलच्या पिना आणि टॅगची टोकं काढायचं काम स्कॅनिंगपेक्षा मोठं आहे. गंजलेली पिन ओढून काढायची नाही, मागून पाय सरळ करून सोडवायची. एक पिन फीडरमध्ये गेली की आतल्या काचेवर ओरखडा, आणि मग प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक रेघ. तशी रेघ नुसत्या धुळीनं किंवा गोंदाच्या ठिपक्यानं पण येते, त्यामुळे घाबरायच्या आधी काच पुसून बघायची.

यूएसबीकेबल

ग्रंथालयकट्टा, कोपरा दुमडून बघायचं मी आजच शिकलो, धन्यवाद.

ताई, वापरलेल्या मशीनचं सांगतो. मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, भाच्याला येतच असेल, आणि लॅपटॉपबरोबर दुकानात घेऊन जा. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायचा, आतलं विंडोज जसंच्या तसं राहतं. स्कॅनर लावायचा, टर्मिनल उघडून स्कॅनइमेज, जागा सोडून, डॅश आणि कॅपिटल एल. समोर फुजित्सू नाव आणि मॉडेल आलं तर पुढे बोला. एक फसवी गोष्ट आहे, कधीकधी लॅपटॉपचा वेबकॅमच स्कॅनर म्हणून यादीत दिसतो, व्ही-फोर-एल असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते बघून सापडला म्हणून खूश होऊ नका. तसंच सेन-फाइंड-स्कॅनर म्हणून दुसरी कमांड आहे, ती नुसतं यूएसबीवर काहीतरी लावलंय एवढंच सांगते, तो चालेल असं नाही.

मग तुमचे स्वतःचे कागद घालून बघा. दुकानातले नवे कोरे ए-फोर कुठल्याही मशीनमधून जातात. तुमची पंधरा-वीस लीगलची पानं न्या, एकदम ठेवा, दोन पानं एकत्र ओढतोय का बघा. ओढत असेल तर रोलर गेलेत, ते बदलायचे असतात, सुट्टे मिळतात, तेवढे पैसे किमतीत कमी करून मागा. पॉवर ॲडॉप्टर मूळचाच आहे का बघा. आणि दिसत नसेल तर लगेच नाकारू नका, आधी निळा यूएसबी-थ्रीचा पोर्ट सोडून टू च्या पोर्टला लावा, जुन्या स्कॅनरना कधीकधी नव्या पोर्टशी जमत नाही, मधे हब तर नकोच.

लीगलसाठी एक महत्त्वाचं. फुजित्सू बॅकएंड काही न सांगता अमेरिकन लेटर साइज धरतो, म्हणजे पानाची लांबी २७९ मिलिमीटरच्या आसपास. लीगल पान घातलं की ते पूर्ण आत जातं, पूर्ण बाहेर येतं, आणि फाइलमध्ये खालचा भाग नसतोच. बघितलं नाही तर शंभर पानं अशीच निघून जातील. डॉक्युमेंट स्कॅनर ॲपमध्ये सेटिंगला जाऊन पेज साइज लीगल करा, कमांडनं करणार असाल तर पेज-हाइट आणि वाय दोन्ही ३५५.६ द्यावे लागतात, एकच दिला तर पुन्हा कापलं जातं.

हिरव्या कागदाला पण युक्ती आहे. ड्रॉपआउट कलर नावाचा ऑप्शन आहे, ग्रे मध्ये स्कॅन करताना तो ग्रीन ठेवायचा. स्कॅनर मग हिरव्या प्रकाशातच वाचतो, हिरवा कागद पांढरा दिसायला लागतो आणि काळं टायपिंग उठून येतं. पण स्टँप पेपर आणि जांभळे शिक्के असलेले कागद सरळ रंगीतच काढा, ३०० डीपीआयला. ग्रे ए-फोर पान कॉम्प्रेस न करता साधारण ९ एमबीचं होतं, रंगीत २६ एमबीचं, पीडीएफ झाल्यावर बरंच खाली येतं. हल्ली हार्ड डिस्क स्वस्त आहे, त्यासाठी रंग सोडू नका.

मराठीओसीआर

मजकूर शोधायचं मी सांगतो, माझा रोजचा विषय आहे.

टेसरॅक्ट वापरा, ते ओसीआर करतं, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवतं. मूळ एचपीमध्ये १९८० च्या दशकात सुरू झालेलं, २००५ मध्ये खुलं केलं, नंतर गूगलनं सांभाळलं, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल नेटवर्क आल्यावर देवनागरी खूप सुधारलं. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टेसरॅक्ट आणि त्याचं मराठीचं पॅकेज घ्या, शेवटी एम-ए-आर असतं ते. हिंदीचं घेऊन भागवू नका, ळ आणि ऱ्य ची वाट लागते. वाटपाऐवजी वेगळंच काही वाचलं गेलं तर शोधणार कसं.

त्याच्यावर ओसीआर-माय-पीडीएफ. स्कॅन केलेली पीडीएफ दिली की पानाचं चित्र तसंच ठेवून मागे न दिसणारा मजकूर घालून देतं, पीडीएफ-ए, म्हणजे दीर्घकाळ जपून ठेवायच्या प्रकारची पीडीएफ, बनवतं, म्हणजे ई-फाइलिंगला शोधता येणारी पीडीएफ लागते ते पण झालं. भाषा देताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही द्या. कमांड नको असेल तर नॅप्स-टू घ्या, आधी ते विंडोजचं होतं, सातव्या आवृत्तीपासून लिनक्सवर पण आहे, स्कॅन आणि ओसीआर एकाच खिडकीत.

काय होईल आणि काय नाही हे आधीच सांगतो म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. छापलेलं आणि कॉम्प्युटरवर टाइप केलेलं मराठी चांगलं वाचलं जातं. टाइपरायटरची पहिली प्रत बरी. कार्बनची तिसरी-चौथी प्रत, जिथं अनुस्वार आणि रफार पुसट झालेत, तिथं अर्धे शब्द चुकतील. तलाठ्याचं हस्ताक्षर नाही. मोडी तर अजिबात नाही, त्यासाठी मोडी वाचणारा माणूसच लागतो. त्यामुळे फाइलच्या नावातच वर्ष, दाव्याचा नंबर, वादीचं आडनाव आणि गाव घाला. शोधण्याचं निम्मं काम तिथंच होतं.

आणि वकील आहात म्हणून हे कळकळीनं सांगतो. फाइल लहान करायला जेबिग-टू नावाचं कॉम्प्रेशन असतं, त्याची एक पद्धत अशी की सारखी दिसणारी अक्षरं एकदाच साठवायची आणि बाकीच्या जागी तीच चिकटवायची. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संशोधकानं दाखवलं की झेरॉक्सच्या काही मशीनांमध्ये यामुळे स्कॅन केलेल्या नकाशातले आकडे बदलत होते, ६ चा ८ व्हायचा, आणि पान दिसायला एकदम स्वच्छ. गट नंबर किंवा क्षेत्राचा आकडा असा बदलला तर? कंपनीनं नंतर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर दिलं पण तोपर्यंत झालेल्या स्कॅनचं काय करणार. ओसीआर-माय-पीडीएफ काही न सांगता चालवलं तर आकडे बदलणारी ही पद्धत वापरत नाही, ते तसंच ठेवा. जगभरातल्या कुठल्याही साइटवर पीडीएफ लहान करून देतो म्हणणाऱ्याकडे या फायली टाकू नका. मूळ कागद अर्थातच टाकायचे नाहीत.

जुनंदप्तर

६ चा ८ वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे एक दावा फक्त गट नंबरच्या एका आकड्यावरून सात वर्षं चाललाय. वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले नक्कल करणारा कारकून अशा चुका करायचा तेव्हा निदान खाडाखोड तरी दिसायची.

जुनंदप्तर

तीन आठवड्यांनी लिहितेय, काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

एका कामासाठी मुंबईला जायचं होतं तेव्हा लॅमिंग्टन रोडला गेले, बरोबर भाचा, त्याचा लॅपटॉप, मिंटचा पेनड्राइव्ह आणि पिशवीत २२ पानांची एक लीगलची फाइल. पहिल्या दोन दुकानांत लावून बघायलाच नाही म्हणाले, म्हणून निघालो. तिसऱ्यानं खुर्ची दिली, प्लग काढून दिला, म्हणाला बघा निवांत. एफआय-६१३० होता. कमांड टाकली तर वरच्या ओळीत खरंच वेबकॅम आला, आधी सांगितलं नसतं तर फसलेच असते, खालच्या ओळीत फुजित्सू. माझी २२ पानं ठेवली, चौदाव्या पानाला दोन एकदम ओढली. पुन्हा ठेवली, पुन्हा तिथंच नाही पण विसाव्याला. रोलर गेलेत म्हटल्यावर त्यानं वाद घातला नाही, नवा रोलरचा संच त्याच किमतीत घालून दिला. १४ हजार पडले. घरी येऊन लाइड ३०० ऑनलाइन मागवला. दोन्ही मिळून बजेटच्या आत.

पहिल्या दिवशी लेटर साइजचा धडा मी घेतलाच. सेटिंग केलं होतं पण भाच्यानं ॲप बंद करून पुन्हा उघडलं आणि साइज बघितली नाही, ३० पानं खालून कापलेली. आता प्रत्येक गठ्ठ्यातलं पहिलं पान स्क्रीनवर पूर्ण बघितल्याशिवाय पुढचं घालत नाही, खालची सही दिसली पाहिजे.

हिरव्या कागदाची युक्ती तर कमाल आहे. १९८७ चा दावा, हिरव्या लेजरवर, डोळ्यांना वाचताना त्रास व्हायचा तो पांढऱ्यावर काळा असा समोर आला. वडिलांनी चष्मा न लावता पहिला परिच्छेद वाचला. मग खुर्ची ओढून शेजारीच बसले आणि प्रत्येक फायलीला हा पक्षकार कोण, कुठल्या वाडीचा, पुढे काय झालं ते सांगायला लागले, मी ते फाइलच्या नावाच्या वहीत लिहून ठेवतेय. ते कुठल्याच कागदावर नाहीये.

आतापर्यंत ६१० पानं झाली. मराठीचं ओसीआर साधारण मराठीओसीआर यांनी सांगितलं तसंच आहे, टाइप केलेल्यात शब्द शोधला की सापडतो, कार्बनमध्ये सापडला तर सापडतो.

ग्रंथालयकट्टा ताई, एक विचारायचं राहिलं. ओल लागून चिकटलेले ते दोन गठ्ठे आहेत ना, ते सोडवायचे कसे? पानं एकमेकांना धरून बसलीत, ओढायची भीती वाटते.

ग्रंथालयकट्टा

ओढू नका, आणि उन्हातही ठेवू नका. पूर्ण कोरडे झालेत का आधी बघा. घरात सावलीत, पंख्याचा झोत थेट लागणार नाही अशा जागी गठ्ठा उभा ठेवा, कडेची पानं आपणहून सुटतील तेवढीच सुटू द्या. मग हाडाची किंवा बांबूची पातळ पट्टी, धार नसलेली, कडेनं हळूहळू आत सरकवायची, जिथं अडेल तिथं थांबायचं आणि दुसऱ्या कडेनं यायचं. जे सुटलं ते लगेच दोन टिपकागदांच्या मध्ये. बुरशीचा वास येत असेल तर मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, आणि ते कागद बाकीच्या कपाटाजवळ नेऊ नका. चकचकीत कागद असेल, फोटो चिकटवलेला असेल किंवा शाई फुटलेली दिसत असेल तर तिथं हात लावू नका, ते पान तसंच राहू द्या आणि कागद जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. सुटलेली पानं फीडरला नाहीत, काचेवरच, आणि दर चार-पाच पानांनी लाइडची काच पुसा.

एका बैठकीत दहा पानांच्या वर जाऊ नका. हात घाई करायला लागतो.